अनंताच्या पंगतीत जरा सरकून घ्या

मेंढीकोटाचा डाव रंगला की एकदा तरी कुणीतरी करवादतंच, "नीट पिस रे, मागचाच डाव आलाय!" मागचा डाव आलेला नसतो. पत्ते खरंच नीट पिसले असतील, तर पिसणाऱ्याच्या हातात त्या क्षणी ५२ पानांचा जो क्रम आहे, तो याआधी जगात कुणाच्याही हातात आलेला नसणार. पत्त्यांचा शोध लागल्यापासून आजपर्यंत, कुठल्याही घरात, क्लबात किंवा पारावर. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. हिशेब केल्यावर पटलं.

हिशेब शाळेतलाच आहे. सगळ्यात वर ५२ पैकी कुठलंही पान येऊ शकतं. त्याच्याखाली उरलेल्या ५१ पैकी कुठलंही, मग ५० पैकी. म्हणजे एकूण क्रम ५२ × ५१ × ५० असं करत थेट १ पर्यंत गुणाकार. गणितात हे ५२ च्या पुढे उद्गारचिन्ह काढून लिहितात, आणि ते चिन्ह इथे शोभतंही.

सुरुवातीला हा गुणाकार अगदी गरीब वाटतो. चार पत्ते असतील तर २४ क्रम. दहा पत्ते असतील तर ३६,२८,८००. दर सेकंदाला एक क्रम लावत दिवसरात्र बसलात, तर दहा पत्त्यांचे सगळे क्रम बरोबर सहा आठवड्यांत लावून होतात. आता फक्त पाच पत्ते वाढवा. पंधरा पत्त्यांना त्याच वेगाने सुमारे ४१ हजार वर्षं लागतात. आणि ५२ पत्त्यांच्या क्रमांची संख्या ६८ अंकी आहे. ८०६५८ ने सुरू होते, शेवटी बारा शून्यं.

आज पृथ्वीवर आठशे कोटींच्या आसपास माणसं आहेत. समजा, विश्व जन्मल्यापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षांपासून, ही सगळी माणसं तहानभूक विसरून दर सेकंदाला एकदा पत्ते पिसत बसली आहेत. आजवर झालेल्या पिसण्यांची संख्या २८ अंकी भरते. २८ अंकी आणि ६८ अंकी यांत 'थोडंच कमी पडलं' असं काही नसतं. एकूण क्रमांपुढे तेवढी पिसणी म्हणजे काहीच नाही. (नव्या कोऱ्या जोडातले पत्ते एकदाच वरवर हलवले तर क्रम जुळू शकतो, कारण सगळे जोड कारखान्यातून ठरलेल्या क्रमाने येतात. म्हणून तर 'नीट' पिसा म्हणायचं.)

या ६८ अंकी संख्येला नाव काय? इथे आपली पंचाईत होते. शाळेत आपण एकक, दशक, शतक करत कोटी, दशकोटी, अब्जापर्यंत जातो आणि थांबतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त ही यादी अठरा स्थानांची आहे. अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही नावं आपण उगाच टाकून दिली असं मला वाटतं. वर्तमानपत्रात 'पाच ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था' वाचून गोंधळणाऱ्याला पाच महापद्म सांगितलं तर तो निदान हसेल तरी. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प पन्नास लाख कोटींच्या थोडा वर होता, म्हणजे भास्कराचार्यांच्या भाषेत पाच शंकू.

पण ही सगळी यादी किती पत्त्यांना पुरते? एकोणीस पत्त्यांचे क्रम १२१६४५१००४०८८३२००० होतात, म्हणजे सव्वा परार्धाला जरा कमी. एकोणीस पत्त्यांत लीलावतीची यादी संपली, आणि जोडात अजून तेहतीस पत्ते बाकी आहेत.

नावं संपणं हा जुनाच त्रास आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सिराक्यूजच्या गेलॉन राजाला उद्देशून एक छोटा ग्रंथ लिहिला. वाळूचे कण अगणित असतात असं लोक म्हणतात, पण तसं नाही, हे त्याला दाखवायचं होतं. त्याच्या ग्रीक भाषेत शेवटचं नाव होतं दहा हजाराचं. त्याने त्या दहा हजारांवरच मजले चढवत नवी पद्धत रचली आणि त्या काळी कल्पिलेलं सगळ्यात मोठं विश्व वाळूने गच्च भरलं तर किती कण मावतील ते सांगितलं. आजच्या पद्धतीने लिहिलं तर १ वर ६३ शून्यं. गंमत अशी की पत्त्यांचे क्रम त्याहूनही ऐंशी हजार पटींनी जास्त आहेत. आर्किमिडीजचं वाळूने भरलेलं विश्व आपल्या शर्टाच्या खिशातल्या जोडापुढे छोटं पडतं.

गूगॉल हे नाव आज बहुतेकांनी ऐकलेलं असतं. एकावर शंभर शून्यं. अमेरिकन गणिती एडवर्ड कास्नर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्याने, मिल्टन सिरोटाने, १९२० च्या सुमारास हे नाव सुचवलं. पुढे एका कंपनीने ते जरा वेगळ्या स्पेलिंगने उचललं, ते सर्वांना माहीत आहे. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज एकावर ऐंशी शून्यं असा सांगतात, म्हणजे गूगॉल त्याच्याही कितीतरी पुढे. पण एसटीच्या तिकीटखिडकीवर सत्तर माणसं असतील, तर त्यांना रांगेत उभं करण्याच्या पद्धती गूगॉलहून जास्त आहेत. रांग लावताना भांडणं का होतात याचं हेही एक कारण समजा.

इथपर्यंतच्या संख्या निदान कागदावर मावतात. पुढच्या मावत नाहीत. एकावर गूगॉल शून्यं दिली की गूगॉलप्लेक्स होतो, आणि तो लिहायला विश्वातल्या प्रत्येक अणूवर एक शून्य काढलं तरी अणू कमी पडतात. तरीही गणितज्ञांच्या लेखी हा किरकोळ आकडा आहे.

खरोखर मोठी म्हणावी अशी एक संख्या अमेरिकन गणिती रोनाल्ड ग्रॅहॅम यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यापर्यंत जायला शून्यं मोजून चालत नाही, वेगळी शिडी लागते. ती शिडी तशी सोपी आहे. बेरीज पुन्हा पुन्हा केली की गुणाकार होतो. गुणाकार पुन्हा पुन्हा केला की घात होतो. मग घात पुन्हा पुन्हा का करू नये? डोनाल्ड क्नूथ यांनी १९७६ साली यासाठी बाणांची खूण सुचवली. ३↑३ म्हणजे साधा घात, तिनाचा तिसरा घात, २७. ३↑↑३ म्हणजे घातावर घात: तिनाचा सत्ताविसावा घात. तो येतो ७६,२५,५९,७४,८४,९८७, म्हणजे साडेसात लाख कोटींच्या थोडा वर. फक्त एक बाण वाढवला आणि २७ वरून आपण इथे आलो.

आता तिसरा बाण. ३↑↑↑३ म्हणजे तिनाच्या डोक्यावर तीन, त्याच्या डोक्यावर तीन, अशी दहीहंडी. किती थरांची? वर आली तेवढ्या थरांची: साडेसात लाख कोटींहून जास्त. यातल्या नुसत्या चार थरांची संख्या लिहायची म्हटली तरी तिच्यात साडेतीन लाख कोटींहून जास्त अंक असतात. पाचव्या थरानंतर माझी कल्पनाशक्ती हात टेकते, आणि मला वाटतं सगळ्यांचीच टेकत असावी.

पुढचं एका दमात सांगतो, कारण त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न व्यर्थ आहे. चार बाण घालून ३↑↑↑↑३ काढा. जी संख्या येईल तेवढे बाण दोन तिनांच्या मध्ये घाला. त्यातून जी येईल, पुन्हा तेवढे बाण. हे चौसष्टाव्या पायरीपर्यंत करत जा. चौसष्टाव्या पायरीवर उभी असते ती ग्रॅहॅमची संख्या. तिचा शेवटचा अंक ७ आहे हे ठाऊक आहे, पहिला कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. आणि ही हौस म्हणून काढलेली संख्या नव्हे. अनेक मितींच्या घनाचे कोपरे जोडणाऱ्या रेषा दोन रंगांनी रंगवण्याच्या एका प्रश्नाचं उत्तर 'याहून मोठं असू शकत नाही' अशी वरची हद्द सांगताना ती आली. खालची हद्द आज १३ आहे. वरची हद्द पुढे बरीच खाली आली, पण ग्रॅहॅमच्या हद्दीप्रमाणे उत्तर १३ पासून ग्रॅहॅमच्या संख्येपर्यंत कुठेतरी होतं! लग्नाच्या वाटाघाटीत दोन पक्षांमध्ये एवढं अंतर असतं तर बैठक पहिल्या चहालाच उठली असती.

एवढं चढून आल्यावर साहजिकच वाटतं की आता अनंत फार लांब नसेल.

तसं काही झालेलं नाही. १ या संख्येवर उभे होतो तेव्हा पुढे जेवढ्या संख्या होत्या, तेवढ्याच ग्रॅहॅमच्या संख्येच्या पुढेही आहेत. एकही कमी झालेली नाही. अनंत म्हणजे 'फार फार मोठी संख्या' ही समजूत इथे सोडून द्यावी लागते. अनंत हे संख्यांच्या रस्त्यावरचं शेवटचं गाव नाही, त्या रस्त्यावर ते नाहीच. ते वेगळ्या जातीचं आहे आणि त्याचे नियमही वेगळे आहेत.

या वेगळेपणाची खूण भास्कराचार्यांनी नेमकी पकडली होती. एखाद्या संख्येला शून्याने भागलं तर जी राशी होते तिला ते 'खहर' म्हणतात. 'ख' म्हणजे शून्य, 'हर' म्हणजे छेद. 'बीजगणित' ग्रंथात ते सांगतात, की प्रलयाच्या नि सृष्टीच्या वेळी अनंत अच्युतात कितीही जीव शिरले किंवा बाहेर पडले तरी त्याच्यात जसा फरक पडत नाही, तसा खहर राशीत काहीही मिळवा वा वजा करा, तिच्यात विकार होत नाही. मिळवून वाढत नाही आणि काढून घटत नाही, हे वागणं कुठल्याही संख्येचं नाही. आजचं गणित शून्याने भागायला परवानगी देत नाही, कारण ती दिली की १ आणि २ सारखेच ठरायला वेळ लागत नाही. पण मिळवूनही न वाढणारं काहीतरी असतं, ही ओळख खरी होती. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ काढल्याचं त्यात नोंदलेलं आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी या श्लोकावर काय वाद घातले असतील, ते ऐकायला मला आवडलं असतं. मात्र 'आधुनिक अनंताचा सगळा सिद्धांत आमच्याकडे होताच' असे जे संदेश फिरत असतात, त्यांना या श्लोकाचा आधार नाही. अनंत मोजायचं कसं, हा प्रश्न इथे विचारलेला नाही.

तो विचारायला मोजणं म्हणजे काय हेच पुन्हा तपासावं लागतं. गावच्या लग्नातली पंगत आठवा. पानं मांडली आहेत, माणसं बसली आहेत. पानं जास्त की माणसं? हे सांगायला दोन्ही मोजायची गरज नसते. प्रत्येक पानावर एक माणूस आहे, रिकामं पान नाही, उभा राहिलेला माणूस नाही, म्हणजे दोन्ही सारखे. मोजता न येणाऱ्याही गोष्टींची तुलना अशी जोड्या लावून करता येते. पाठ्यपुस्तकात याला 'एकास एक संगती' म्हणतात. अनंताचं सगळं गणित या एका साध्या युक्तीवर उभं आहे.

आता पंगत अनंत करा. पानांवर १, २, ३ असे क्रमांक आहेत आणि शेवटचं पान नाहीच. सगळी पानं भरली आहेत. इतक्यात एक पाहुणा येतो. साध्या पंगतीत तो पुढच्या पंगतीची वाट पाहील. इथे यजमान म्हणतात, "मंडळी, जरा सरकून घ्या." पहिल्या पानावरचा दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा तिसऱ्यावर. शेवटचं पान नसल्यामुळे उठावं कुणालाच लागत नाही, आणि पहिलं पान रिकामं होतं. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट हीच गोष्ट १९२० च्या दशकात आपल्या व्याख्यानात अनंत खोल्यांच्या हॉटेलावरून सांगत. मला पंगतच बरी वाटते, कारण सरकून बसणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

अनंत पाहुण्यांचा जथा आला तर? प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या दुप्पट क्रमांकावर जावं. बसलेले सगळे सम पानांवर जातात, सगळी विषम पानं मोकळी. म्हणजे सम संख्या एकूण संख्यांच्या निम्म्या वाटल्या तरी जोड्या लावायला गेलं की दोन्ही सारख्याच भरतात. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात वर्गसंख्यांबाबत हेच पाहिलं होतं. १, ४, ९, १६ या विरळ होत जातात, तरी प्रत्येक संख्येला तिचा वर्ग जोडीला मिळतोच. त्यावर तो म्हणाला, की 'जास्त', 'कमी', 'समान' हे शब्द अनंताला लावूच नयेत. शहाणा माणूस, पण इथे तो एक पाऊल आधी थांबला.

अपूर्णांक तरी जास्त असतील? कुठल्याही दोन अपूर्णांकांच्या मध्ये तिसरा असतोच, इतके ते दाट. तरीही सगळे पंगतीत बसतात. अंश आणि छेद यांची बेरीज २ असलेला आधी बसवा, मग बेरीज ३ असलेले, मग ४. प्रत्येक बेरजेचे अपूर्णांक मोजकेच, त्यामुळे प्रत्येकाची पाळी कधी ना कधी येतेच.

मग या पंगतीत सगळेच मावतात का? १८७४ मध्ये जर्मनीतल्या हाले गावच्या विद्यापीठातला गणिती गेओर्ग कँटर म्हणाला, नाही. त्याचा सगळ्यात देखणा पुरावा १८९१ चा. मी तो पंगतीच्या भाषेत सांगतो. जरा हळू वाचा, सगळा लेख यासाठीच आहे.

या वेळचे पाहुणे विचित्र आहेत. प्रत्येकाने एक नाणं अनंत वेळा उडवलं आहे, आणि जे पडलं तेच त्याचं नाव: छापा, काटा, छापा, छापा… असं न संपणारं. शक्य असलेलं प्रत्येक नाव घेऊन एकेक पाहुणा आला आहे. यजमान छातीठोकपणे सांगतात, "सगळे बसले." आपण म्हणू, बरं, यादी दाखवा. समजा ती अशी आहे:

पान १: छापा, काटा, छापा, छापा…
पान २: काटा, काटा, छापा, काटा…
पान ३: छापा, छापा, छापा, काटा…
पान ४: काटा, छापा, काटा, काटा…

आता तिरके चला. पहिल्याच्या नावातलं पहिलं अक्षर छापा, ते उलटं करा: काटा. दुसऱ्याच्या नावातलं दुसरं काटा, उलटं करा: छापा. तिसऱ्याचं तिसरं छापा, म्हणून काटा. चौथ्याचं चौथं काटा, म्हणून छापा. असं करत गेलं की एक नवं नाव तयार होतं: काटा, छापा, काटा, छापा… या नावाचा पाहुणा कुठल्या पानावर बसला आहे? पहिल्यावर नाही, कारण त्याचं पहिलं अक्षर वेगळं. दुसऱ्यावर नाही, दुसरं अक्षर वेगळं. तीनशे बावन्नाव्या पानावर असेल? तीनशे बावन्नावं अक्षर मुद्दाम बदललं आहे. तो उभाच आहे.

"मग सरकून घ्या ना, त्याला बसवा," असं कुणीही म्हणेल. बसवा. यादी नवी झाली. नव्या यादीवरून पुन्हा तिरके चला, पुन्हा एक उभा सापडतो. खरं तर पहिल्याच वेळी उभे राहिलेले असंख्य असतात, आपण त्यातला एक पकडला इतकंच. यादी कितीही हुशारीने केली तरी ती अपुरीच पडते. यजमानाची चूक नाही, अशी पंगत मांडताच येत नाही. या पाहुण्यांचं अनंत पानांच्या अनंताहून मोठं आहे.

हे पाहुणे फार दूरचे नाहीत. एक दोरी घ्या आणि तिच्यावरचा एखादा बिंदू शोधा. डाव्या अर्ध्यात आहे की उजव्या? त्या अर्ध्याच्या डाव्या अर्ध्यात की उजव्या? प्रत्येक बिंदू म्हणजे अशीच डावं-उजवं यांची न संपणारी ओळ, काही बिंदूंना दोन ओळी मिळतात इतकाच फरक. म्हणजे वीतभर दोरीवर जेवढे बिंदू आहेत, तेवढ्या सगळ्या मोजसंख्या मिळूनही होत नाहीत. आणि वीतभर दोरीवर आणि पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या दोरीवर बिंदू सारखेच. एवढंच नाही, रेषेवरचे बिंदू आणि अख्ख्या चौरसातले बिंदूही सारखेच निघतात. हे सिद्ध झाल्यावर कँटरने १८७७ मध्ये आपला मित्र डेडेकिंड याला पत्रात लिहिलं, की मला हे दिसतंय, पण विश्वास बसत नाही. स्वतःच्याच पुराव्याबद्दल!

त्याच्या काळच्या अनेकांचा विश्वास मुळातच बसला नाही. बर्लिनचे गणिती क्रोनेकर यांनी कडाडून विरोध केला. बर्लिनला प्राध्यापक होण्याची कँटरची इच्छा पुरी झाली नाही, उतारवयात मानसिक आजाराने तो वरचेवर रुग्णालयात जात राहिला, आणि १९१८ च्या जानेवारीत हालेच्या अशाच एका रुग्णालयात वारला. विरोधामुळे तो आजारी पडला असं सर्रास सांगितलं जातं. गोष्ट म्हणून ते नाट्यपूर्ण आहे, पण आजाराची कारणं इतकी सरळ नसतात.

त्याच तिरक्या युक्तीने त्याने हेही दाखवलं, की कुठलाही संच घ्या, त्याच्या उपसंचांचा संच त्याहून मोठाच असतो. म्हणजे अनंत दोनच नाहीत. त्यांचीही शिडी आहे, आणि तिलाही शेवटची पायरी नाही.

मग कँटरला एक साधा प्रश्न छळू लागला. पंगतीचं अनंत लहान, दोरीचं मोठं. या दोघांच्या मधलं एखादं अनंत असेल का? नसावं, असं त्याने १८७८ मध्येच म्हटलं, पण सिद्ध करता आलं नाही. १९०० साली पॅरिसच्या परिषदेत हिल्बर्ट यांनी नव्या शतकासाठी प्रश्न मांडले, त्यात हा पहिला होता. कुर्ट ग्योडेल यांनी १९४० पर्यंत दाखवलं, की संचांच्या रूढ गृहीतकांवरून 'मधलं अनंत नाही' हे विधान खोटं पाडता येणार नाही. १९६३ मध्ये पॉल कोहेन यांनी दाखवलं, की त्याच गृहीतकांवरून ते खरंही ठरवता येणार नाही. याबद्दल कोहेन यांना १९६६ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला मोठा सन्मान, मिळालं. काही गणितज्ञ म्हणतात, प्रश्न निकालात निघाला. काही म्हणतात, गृहीतकंच अपुरी आहेत, नवी शोधा, मग उत्तर मिळेल. तो शोध अजून चालू आहे.